सातपुड्यातील घाटरस्ते बघण्यासाठीही असावेत

प्रति,
मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशातील राष्ट्रीय उद्यानांमधून टप उघडणाऱ्या मोटारीने, म्हणजे कन्व्हर्टिबल गाडीने, केलेल्या सहलींवर अलीकडे जे लेखन आले, ते मी आवडीने वाचले. छायाचित्रे सुंदर होती आणि असा प्रवास एकदा तरी करावा अशी इच्छा ते वाचून अनेकांच्या मनात निर्माण झाली असेल. मला मात्र त्यात एक उणीव जाणवली. गाडी कोणती घ्यावी, तिचे भाडे किती, टप किती सेकंदांत उघडतो, हे सगळे त्यात होते. पण ज्या रस्त्यावरून ती गाडी गेली, तो रस्ता कोणी, कधी आणि काय विचार करून बांधला, याबद्दल एक ओळही नव्हती. माझे उभे आयुष्य जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील रस्त्यांच्या कामांवर गेले. म्हणून राहिलेली बाजू मांडावी आणि ती मांडताना आपल्या सातपुड्यातील घाटांविषयी जे अनेक वर्षे मनात आहे तेही लिहावे, यासाठी हे पत्र. ते थोडे लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

माझी लेक अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात राहते. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबर महिन्यात आम्ही उभयता तिच्याकडे गेलो असताना जावईबापूंनी दोन दिवसांसाठी अशी एक गाडी भाड्याने घेतली आणि शेनँडोआ राष्ट्रीय उद्यानातल्या ‘स्कायलाइन ड्राइव्ह’ या रस्त्याने आम्हाला फिरवून आणले. गाडी म्हणावी तर गैरसोयीचीच होती. टप दुमडून मागच्या डिकीत जातो, त्यामुळे सामानाला जागा उरत नाही आणि पिशव्या मांडीवर घ्याव्या लागतात. मागच्या बाकावर बसणाऱ्याने पाय आखडूनच बसायचे. सकाळी इतका गारठा होता की कानाला मफलर गुंडाळून आणि पायांशी गाडीचा हीटर लावून आम्ही निघालो. पण पहिल्या तीन-चार वळणांतच या सगळ्याचा विसर पडला. झाडांच्या सावलीतून गाडी उन्हात आली की गालाला ऊब कळायची आणि पुन्हा सावलीत शिरली की लगेच गारवा. ओल्या पाल्याचा वास यायचा. एका ठिकाणी रस्त्याखालच्या मोरीतून ओढा वाहत होता; तो दिसला नाही, पण त्याचा आवाज वळणाआधी आला, वळणावर वाढला आणि मागे राहिला. काचा लावून बसलेल्या माणसाला डोंगर फक्त दिसतो, त्या दिवशी तो आम्हाला ऐकू येत होता.

तरीही त्या अनुभवाचे मुख्य श्रेय मी गाडीला देणार नाही. तीच गाडी हमरस्त्यावर ताशी शंभर किलोमीटरने नेली, तेव्हा वाऱ्याच्या आवाजात शेजारच्याचे बोलणेही कळेना आणि अर्ध्या तासात आम्ही टप लावून घेतला. स्कायलाइन ड्राइव्हवर वेगाची मर्यादा ताशी ३५ मैल, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर आहे. त्या वेगात माणूस बोलू शकतो, ऐकू शकतो, झाडावरचा पक्षी दाखवू शकतो. हा रस्ता १०५ मैल, म्हणजे सुमारे १६९ किलोमीटर लांबीचा असून त्याला जवळजवळ सत्तर ठिकाणी थांबे आहेत. थांबा म्हणजे हॉटेल नव्हे, दुकान नव्हे. रस्ता दरीच्या बाजूला थोडा रुंद करून पंधरा-वीस गाड्या उभ्या राहतील एवढी जागा, गुडघ्याच्या थोडा वर येणारा दगडी कठडा आणि समोर दिसणाऱ्या डोंगरांची नावे सांगणारा फलक, एवढेच. त्या रस्त्याचे काम १९३१ मध्ये सुरू झाले आणि १९३९ मध्ये पूर्ण झाले. मोठ्या मंदीत बेकार झालेल्या तरुणांना सरकारने ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ या योजनेत कामाला लावले होते. कठडे रचणे, उतार सारखे करणे, झाडे लावणे ही कामे त्या पोरांनी केली. रोजगार हमीची कामे ज्याने जवळून पाहिली आहेत, त्याला हे वाचून आपलेपणाच वाटेल.

म्हणजे हा रस्ता कुठे तरी पोहोचण्यासाठी बांधलेला नव्हता, डोंगराच्या माथ्यावरून जाता जाता बघण्यासाठी बांधलेला होता. आमच्या शिक्षणात आणि पुढे नोकरीत रस्त्याची आखणी करताना चढ किती, वळणाची त्रिज्या किती, मातीकाम किती आणि खर्च किती, हे चार प्रश्न होते. या वळणावरून प्रवाशाला काय दिसेल, हा पाचवा प्रश्न आम्हाला कोणी शिकवला नाही आणि आम्हीही तो विचारला नाही, याची खंत मला तिथल्या एका कठड्यावर बसून पहिल्यांदा वाटली.

स्कायलाइन ड्राइव्ह जिथे संपतो तिथून पुढे ‘ब्लू रिज पार्कवे’ सुरू होतो. त्याची लांबी ४६९ मैल. १९३५ मध्ये सुरू झालेले हे काम पूर्ण व्हायला १९८७ साल उजाडले, कारण ग्रँडफादर नावाच्या डोंगराच्या कुशीतला शेवटचा तुकडा अडला होता. डोंगर कापून रस्ता न्यायचा की नाही, हा वाद होता. अखेर डोंगर न कापता त्याला वळसा घालणारा ‘लिन कोव्ह व्हायाडक्ट’ हा पूल बांधला गेला. या पुलाची रीत आमच्या धंद्यातल्या माणसाने जाणून घ्यावी अशी आहे. खाली जमिनीवर यंत्रे नेण्यासाठी वेगळा रस्ता काढला, तर झाडे आणि मोठमोठ्या शिळा जाणार, म्हणून आधी ओतून तयार केलेले १५३ तुकडे पुलाच्या झालेल्या भागावरूनच पुढे नेऊन एकापुढे एक जोडत गेले. खांबांचे कामसुद्धा वरून खाली केले. एवढेच नव्हे, तर काँक्रीटचा रंग शेजारच्या खडकाशी जुळावा म्हणून त्यात लोहाचा रंग मिसळला. पूल जेमतेम ३८० मीटरचा आहे. आपल्याकडे एवढ्या लांबीसाठी सुरुंग लावून डोंगर मोकळा करायला किती दिवस लागले असते, याचा हिशेब मला करता येतो आणि म्हणूनच त्या कामाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

पुढच्या खेपेला आम्ही युटा राज्यातील झायन राष्ट्रीय उद्यानात गेलो. तिथे १९३० मध्ये खुला झालेला १.१ मैलांचा बोगदा आहे आणि त्याच्या भिंतीत जागोजाग मोठाल्या खिडक्या आहेत. उघड्या गाडीतून त्या अंधारात जाताना मध्येच एका खिडकीतून उजेडाचा लोट आणि लाल कड्याचा एक तुकडा डोळ्यांपुढून सरकतो, पुन्हा अंधार होतो, पुन्हा खिडकी येते. या खिडक्या मुळात शोभेसाठी नाहीत. कड्याच्या बाहेरच्या अंगाने आधी त्या फोडल्या, मग आतून बोगदा दोन्हीकडे खोदत नेला आणि निघालेला राडारोडा त्यांतूनच बाहेर ढकलला. कामाची गरज आणि प्रवाशाचा आनंद एकाच खिडकीत बसवता येतो, हे तिथे दिसले. त्याच उद्यानाच्या मुख्य दरीत मात्र आमच्या गाडीला प्रवेश नव्हता. वर्षातील बहुतेक महिने तिथे खासगी वाहने नेता येत नाहीत; गाडी बाहेर लावायची आणि उद्यानाच्या बसने आत जायचे. ही व्यवस्था २००० सालापासून सुरू आहे, कारण मोटारींच्या रांगांनी दरी भरून जाऊ लागली होती. जावईबापू क्षणभर हिरमुसले. पण बसमधून उतरल्यावर नदीचा आवाज ऐकू आला, तो ऐकू आला याचे कारण तिथे एकही इंजिन चालू नव्हते.

उघड्या वाहनाचा आनंद घ्यायला स्वतःची गाडी लागत नाही, हेही इथेच नोंदवतो. माँटाना राज्यातील ग्लेशिअर राष्ट्रीय उद्यानात १९३६ ते १९३९ या काळात बनवलेल्या लाल रंगाच्या ३३ बसगाड्या आहेत. त्यांचा ताडपत्रीचा टप गुंडाळून ठेवता येतो आणि त्या आजही ‘गोइंग-टू-द-सन’ या घाटरस्त्यावर प्रवाशांना घेऊन जातात. पुरवणीतील छायाचित्रांत तरुण जोडपी आणि चकचकीत गाड्याच होत्या. एका बसमध्ये सतरा माणसे उघड्या आभाळाखाली बसून डोंगर चढतात, हे चित्र आपल्या वाचकांच्या खिशाला आणि आपल्या डोंगरालाही अधिक मानवणारे आहे.

आता घरच्या गोष्टीकडे येतो. खान्देशात राष्ट्रीय उद्यान नाही. राज्यातले सर्वांत जवळचे म्हणजे मेळघाटातील गुगामल. पण १९६९ मध्ये घोषित झालेले यावल अभयारण्य आहे, शिरपूर तालुक्यात अनेर धरणाचे अभयारण्य आहे, मुक्ताईनगरकडे वाघांच्या वावराचे मुक्ताई-भवानी राखीव क्षेत्र आहे, चाळीसगावच्या दक्षिणेला गौताळा आहे आणि पश्चिमेला, समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर तोरणमाळ आहे. तिथे जाणारे घाट, तळोद्याहून धडगावकडे जाणारा चांदसैली घाट आणि आमच्या भागातला खिरोद्याहून पालला चढणारा घाट या रस्त्यांवर मी वर्षानुवर्षे फिरलो आहे. नोकरीच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत आम्हाला जी जीप होती, तिचे हूड पावसाळा संपला की काढून ठेवलेले असायचे. तेव्हा त्याला कोणी कन्व्हर्टिबल म्हणत नव्हते. पण आज मागे वळून पाहताना कळते की सातपुडा मी जो ओळखतो, तो त्या उघड्या जीपमुळे.

पाल घाटाच्या कामावर आमच्याकडे तडवी समाजातले एक मैलकुली, म्हणजे रस्त्याची देखभाल करणारे कामगार, होते. वयाने माझ्याहून बरेच मोठे, बोलणे मोजके. ते मागच्या बाकावर टोपली-फावडे घेऊन बसायचे. मार्च महिन्यातील एका पहाटे आम्ही चढत असताना त्यांनी माझ्या खांद्याला हात लावून सांगितले, “साहेब, गाडी बंद करा.” ड्रायव्हरने इंजिन बंद केले. काही दिसेना. मग टप्, टप् असा बारीक आवाज यायला लागला, इकडे एक, तिकडे एक. मोहाची फुले गळत होती. अजून पुरते उजाडले नव्हते, तेवढ्यात दोन बायका आणि एक लहान पोरगी झाडाखाली आल्या. पोरीच्या हातात तिच्याहून मोठी टोपली होती. ती फुले एकेक करून उचलत होती आणि उचललेल्या प्रत्येक चौथ्या-पाचव्या फुलाला तोंडात टाकत होती. आम्ही दहा मिनिटे तसेच बसून राहिलो. मोहाच्या त्या गोडसर, आंबूस वासाने जीप भरून गेली होती. मैलकुली म्हणाले, आता अस्वल येणार नाही, माणसे आली. एवढेच. त्या ठिकाणी आम्ही थांबू शकलो, याचे कारण रस्त्याचे एक जुने वळण तिथे बाजूला पडलेले होते आणि जीप त्यात घेता आली होती. हा तपशील मुद्दाम लिहीत आहे, कारण पुढे मला जे सुचवायचे आहे ते त्या जुन्या वळणावरच उभे आहे.

गेल्या फेब्रुवारीत मी नातीला घेऊन सातपुड्यातल्याच एका घाटात गेलो होतो. पळस फुलला होता, सालईची झाडे पाने गाळून पांढुरकी उभी होती आणि नातीला ते सगळे दाखवायचे होते. आमच्या गाडीला टप उघडण्याची सोय नाही. काचा खाली घेऊन आम्ही सावकाश चाललो होतो. सावकाश चालणे हाच जणू गुन्हा झाला. मागचा टेम्पो सतत हॉर्न वाजवत होता. थांबायला जागा शोधावी तर दरीच्या बाजूने सलग पत्र्याचा कठडा आणि डोंगराच्या बाजूने उघडे गटार. अखेर एका वळणापुढे साईडपट्टीवर दोन चाके घेऊन मी गाडी उभी केली, नात उतरली आणि त्याच क्षणी तो टेम्पो तिच्यापासून हातभर अंतरावरून निघून गेला. पोरगी घाबरून रडायला लागली. पळस राहिला बाजूला, आम्ही परत फिरलो. परतताना पाहिले तर थोडी रुंद जागा होती त्या एकमेव वळणावर एक मोटार उभी होती, तिच्यातून मोठ्याने गाणी लावलेली होती, गाडीच्या छतातल्या खिडकीतून दोन मुले कमरेपर्यंत बाहेर आलेली होती आणि माकडांना बिस्किटे फेकणे चालले होते. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात अस्वल, लांडगा यांसारख्या प्राण्यांपासून १०० यार्ड आणि इतर प्राण्यांपासून २५ यार्ड दूर राहणे बंधनकारक आहे. आपल्याकडेही वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे. फरक एवढाच की तिथे थांबण्याची जागा, वागण्याचा नियम आणि तो सांगणारा माणूस या तिन्ही गोष्टी एकत्र भेटतात.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. आपल्या घाटांची रुंदीकरणाची कामे आज ना उद्या होणारच. वाहने वाढली आहेत आणि ती कामे व्हायलाच हवीत. पण वळण सरळ करताना जुन्या वळणाचा जो तुकडा बाजूला पडतो, तो आज मुरमाचे ढीग टाकायला किंवा कचऱ्यालाच उपयोगी पडतो. तो तुकडा प्रवाशांचा थांबा म्हणून राखून ठेवावा. जमीन रस्त्याचीच असते, खाली जुने डांबर असते, झाड तोडावे लागत नाही. तीच गोष्ट रस्त्याच्या कामासाठी खोदलेल्या जुन्या मुरमाच्या खाणींची. सुरक्षिततेसाठी लोखंडी कठडा हवा तिथे तो अवश्य असावा, पण थांब्यावर आपल्याच काळ्या दगडाचा, बसता येईल असा कठडा रचावा. असे कठडे रचणारे हात आपल्या भागात अजून आहेत. अभयारण्यातून जाणाऱ्या भागात वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर ठेवावी आणि ती केवळ फलकावर न ठेवता पाळली जाईल असे पाहावे. किलोमीटरचे दगड तर आधीच उभे आहेत. ब्लू रिजवर लोक ठिकाणाचा पत्ता मैलाच्या दगडाने सांगतात. तसेच अमुक दगडापाशी अंजनाची जुनी झाडे, तमुक दगडापाशी सुकी नावाच्या नदीचे पात्र दिसते, असे एक साधे दोन पानांचे माहितीपत्रक पालच्या शाळेतील मुलेसुद्धा तयार करू शकतील. अंदाजपत्रकात या सगळ्याचा वाटा किती लहान असेल, हे मी अनुभवावरून सांगतो.

यावर कोणी म्हणेल की घाट हा काही सहलीचा रस्ता नव्हे. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि तो मी सर्वांत गंभीरपणे घेतो. चांदसैली घाटात पावसाळ्यात दरड कोसळली की धडगावकडच्या माणसाला दवाखाना गाठणे किती अवघड होते, आजाऱ्याला खांद्यावर किंवा झोळीत घालून न्यावे लागते, हे तिकडच्या पावरा आणि भिल्ल कुटुंबांनी सोसलेले आहे. त्यांचा रस्ता कोणाच्या हौसेसाठी अरुंद ठेवा किंवा बंद करा, असे मी चुकूनही सुचवणार नाही. उलट माझे म्हणणे असे की थांबे नीट असले तर सहलीची गाडी रस्त्यात उभी राहणार नाही आणि रुग्णवाहिकेला, एसटीला वाट मोकळी मिळेल. रात्रीच्या वाहतुकीबाबतही हेच. कर्नाटकातील बंदीपूरमध्ये २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद असते, पण ठरावीक बसगाड्या आणि तातडीची वाहने सोडली जातात. यावलच्या जंगलातील ज्या रस्त्यांवर रात्री कोणाचे अडत नाही, त्यांच्यासाठी असा विचार करता येईल. जिथे मोठा महामार्गच न्यायचा आहे, तिथे पेंचमध्ये नागपूरच्या उत्तरेला ४४ क्रमांकाच्या महामार्गाखाली प्राण्यांसाठी जे भुयारी मार्ग बांधले आहेत, त्यांचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. आपल्या कन्नड घाटाची अवस्था आपण पाहतोच. गौताळा अभयारण्याच्या अंगणातून जाणाऱ्या त्या घाटात तासन्‌तास कोंडी व्हायची आणि शेवटी जड वाहनांना मनाई करावी लागली. थांबे आणि भुयारी मार्ग आखणीच्या वेळी कागदावर आले नाहीत, तर मागाहून ते बसवता येत नाहीत, हे मी माझ्या कामांवर पुरेसे अनुभवले आहे.

शेनँडोआची आणखी एक बाजू मला लपवायची नाही. ते उद्यान उभारताना डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या शेकडो कुटुंबांना घरे सोडावी लागली. त्यांच्या घरांच्या दगडी चुली आणि लहान स्मशाने आजही त्या जंगलात आहेत. आम्ही अशीच एक जागा पाहिली. एका चौथऱ्यावर झाड उगवले होते. सौ. बराच वेळ तिथे उभी राहिली आणि गाडीत बसल्यावर म्हणाली, आपल्या धरणांखाली गेलेल्या गावांसारखेच झाले म्हणायचे. सातपुड्यात तसे होता कामा नये. वनहक्क कायदा २००६ मध्ये आला. डोंगरातील माणसाचा डोंगरावर हक्क आहे, हे आता कायद्यानेच मानले आहे. उद्या पालमध्ये किंवा तोरणमाळला उघड्या जीपमधून फेरी सुरू झाली, तर जीपचा मालक, चालक आणि वाटाड्या तिथलाच तडवी, पावरा किंवा बारेला तरुण असावा. ताडोबात आणि मेळघाटात स्थानिक वाटाडे उघड्या जिप्सीतून लोकांना जंगल दाखवतातच. शहरातून आलेल्या प्रत्येकाने आपली गाडी आत घालण्यापेक्षा, खाली गाडी ठेवून अशा जीपमध्ये सहाजणांनी बसणे कितीतरी चांगले. आत किती जीप सोडायच्या, ते वन खात्याने ठरवावे. त्यात हौशी माणसाच्या मताला जागा नसावी.

आणि वाट दाखवायला या तरुणांपेक्षा जाणते कोण मिळणार? रानपिंगळ्याचेच उदाहरण घ्या. हे लहानसे घुबड १८७३ मध्ये प्रथम शास्त्रीय नोंदीत आले, १८८४ नंतर कोणत्याही अभ्यासकाला सापडले नाही, आणि ते नामशेष झाले असे जगभर मानले गेले. पुढे ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, अमेरिकेहून आलेल्या पक्षितज्ज्ञांना ते शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात दिसले. हे घुबड दिवसाउजेडी शिकार करते, उघड्या फांदीवर बसते. आपण काचा लावून शेकडो किलोमीटर जात असताना जगातील पक्षिप्रेमी ज्याच्यासाठी विमानाने येतात, तो पक्षी आपल्या वाटेवर सागाच्या फांदीवर बसलेला असू शकतो, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

उन्हाचे भान अर्थातच ठेवले पाहिजे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा उघड्या वाहनाचे नावही काढू नये. अमेरिकेतही डेथ व्हॅलीसारख्या वाळवंटी उद्यानात जाणते लोक टप पहाटे आणि सायंकाळीच उघडतात. सातपुड्यासाठी पावसाळा ओसरल्यापासून फेब्रुवारी-मार्चपर्यंतचे दिवस उत्तम. भाद्रपदात साग पांढरट तुऱ्यांनी भरलेला असतो, थंडीत अंजनाच्या झाडाखालून जाताना उन्हाची जाळी अंगावर पडते, माघ-फाल्गुनात पळस पेटतो, मग मोह. डोक्याला उपरणे, पाण्याची बाटली आणि अंगावर एक सुती सदरा, एवढी तयारी पुरते.

एक योगायोग सांगतो, तो मला नेहमी आठवतो. ३ जुलै १९३६ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी शेनँडोआ उद्यानाचे लोकार्पण केले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आमच्या फैजपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. त्यासाठी नंदलाल बोस यांनी बांबूसारखे इथलेच साहित्य घेऊन आणि गावच्या कारागिरांना हाताशी धरून सारी मांडणी उभी केली होती, हे आम्ही आमच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो. तिकडच्या डोंगरात त्याच सुमारास पोरे जागेवरचा दगड उचलून कठडे रचत होती. जागेवरचे साहित्य, जागेवरची माणसे आणि जागेला शोभेल असे काम, ही दृष्टी आम्हाला परक्या देशातून आणायची नाही. ती सातपुड्याच्या पायथ्याशी एकदा येऊन गेलेली आहे.

ज्यांच्या हातात या घाटांची पुढची अंदाजपत्रके आहेत, त्या तरुण अभियंत्यांपर्यंत हे पत्र पोहोचावे अशी माझी इच्छा आहे. खिरोदा ते पाल या घाटातील बाजूला पडलेली जुनी वळणे आणि मुरमाच्या खाणी कुठे कुठे आहेत, त्यांची यादी मी माझ्या जुन्या वहीवरून तयार केली आहे. त्यांतील पाच जागांवरून दरी चांगली दिसते आणि तीन जागी पिण्याचे पाणी जवळ आहे. दिवाळीनंतर कोणी अधिकारी येणार असतील, तर प्रत्येक जागेवर सोबत जाऊन ती दाखवण्याची माझी तयारी आहे. सकाळी सहाला निघावे लागेल.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त रस्ते अभियंता
फैजपूर, ता. यावल, जि. जळगाव